मत नसलेला माणूस पाहिजे

मराठी माणसाला मत नाही असा विषय अजून जन्माला यायचा आहे. पोह्यांत बटाटा घालावा की नाही, समोरच्या बिल्डिंगमधल्या जोश्यांनी फ्लॅट एवढ्या घाईने का विकला, शेवटची ओव्हर बुमराहला द्यायला हवी होती का, यांवर तो झोपेतून उठवला तरी निकाल देतो. पुरावा मागाहून, चहाबरोबर. कधी कधी चहा येतो आणि पुरावा राहूनच जातो. पण त्याने निकालाला बाधा येत नाही. अशा परंपरेत मुरलेल्या माणसाला अमेरिकेतल्या कोर्टाने पत्र धाडावं आणि 'तुमचं आधीपासून काही मत नसेल तर या, न्याय करा' म्हणून बोलवावं, याला त्या कोर्टाचा भाबडेपणा म्हणायचं की धाडस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही आपली शिकवण. न्यू जर्सी राज्याची शिकवण उलटी. शहाण्याने पायरी चढली नाही, तर पाचशे डॉलरपर्यंत दंड. बरं, लपायला जागा नाही. मतदारांची यादी, गाडीचं लायसन्स असणाऱ्यांची यादी, राज्याचा आयकर भरणाऱ्यांची यादी, अशा सगळ्या याद्या एकत्र करून त्यांतून नावं काढतात. म्हणजे मत देणारा, गाडी चालवणारा आणि कर भरणारा, असा तिन्ही बाजूंनी सरळ माणूस तिन्ही बाजूंनी सापडतो. वय अठरा पूर्ण, अमेरिकेचा नागरिक, त्याच काउंटीतला रहिवासी आणि इंग्रजी वाचता-समजता येणारा, या मुख्य अटी. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना सूट मागता येते. मी पंच्याहत्तरचा दिसतो असं घरचे म्हणतात, पण ते लेखी द्यायला कुणी तयार होईना.

पत्र आलं त्या दिवशी आई घरात होती. ती गिरगावातून सहा महिन्यांसाठी आली होती.

"समन्स?" तिने चष्मा लावला. "कुणाशी भांडलास?"

"अगं, माझ्यावर काही नाही. ज्युरी ड्यूटी आहे. दोन पक्षांचं ऐकून निकाल द्यायचा."

"तू?" हा प्रश्न आईने आणि बायकोने एका सुरात विचारला. एरवी त्यांचं कशावर एकमत होत नाही.

मग आईने ज्युरी या संस्थेचा पूर्वेतिहास काढला. गिरगावातल्या माणसापुढे ज्युरीचं नाव काढणं धोक्याचं असतं, कारण चौपाटीवर टिळक उभे आहेत. टिळकांवरचे राजद्रोहाचे दोन खटले ज्युरीपुढे चालले. १८९७ साली सहा युरोपियन आणि तीन हिंदी; निकाल सहा विरुद्ध तीन. १९०८ साली सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. अंकगणित दोन्ही वेळा बिनचूक. त्यावर टिळकांनी, ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, असं कोर्टाला ऐकवलं. ते शब्द आता मुंबई हायकोर्टातच कोरून लावलेत. "म्हणजे बघ," आई म्हणाली, "ज्युरीची नावं कुणाला ठाऊक नाहीत आणि तिने ज्याला दोषी ठरवलं त्याचं बोलणं भिंतीवर."

"आई, ती साहेबाची ज्युरी होती."

"बरं, मग आपली घे. नानावटी."

१९५९ साली आई मॅट्रिकला होती. कमांडर नानावटीने बायकोच्या प्रियकरावर, प्रेम आहुजावर, गोळ्या झाडल्या आणि स्वतःच जाऊन पोलिसांच्या स्वाधीन झाला. खटला सेशन्स कोर्टात नऊ जणांच्या ज्युरीपुढे चालला, पण खरा खटला चालला तो वाड्यांमधून आणि चाळींच्या गॅलऱ्यांमधून. करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटीची बाजू अशी उचलून धरली, की चार आण्यांचा अंक दोन दोन रुपयांना जात होता. "आमच्या मजल्यावर एकच अंक यायचा," आई म्हणाली, "आणि आजोबांचा वाचून होईपर्यंत बाकीच्यांचा निकाल लागलेला असायचा." नऊपैकी आठ ज्युरर म्हणाले निर्दोष. न्यायाधीश मेहतांना ते पटेना. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने जन्मठेप दिली, १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली आणि १९६४ साली राज्यपालांनी माफी दिली. म्हणजे फिरून फिरून गाडी चाळीच्या निकालावरच आली! भारतातली ज्युरी त्या खटल्याने तिथल्या तिथे संपली असं सगळे सांगतात. ते काही खरं नाही, कुठे कुठे ती पुढेही काही वर्षं टिकली. मात्र १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. आता पारशी लोकांच्या घटस्फोटाच्या दाव्यांत पाच 'डेलिगेट' बसतात, तेवढीच तिची शेवटची आठवण.

"थोडक्यात," आईने चष्मा काढला, "टिळक दोषी आणि गोळ्या घालणारा निर्दोष. या तुमच्या ज्युरीचा हिशेब एकदा तरी बरोबर आलाय का?"

हे शुभाशीर्वाद घेऊन मी कोर्टात गेलो.

ज्युरीच्या कामातलं मुख्य काम म्हणजे बसणं. एका मोठ्या हॉलमध्ये काउंटीतली यच्चयावत माणसं जमवलेली असतात. नर्स, सुतार, प्रोफेसर, ट्रकवाला, नुकतीच अठरा पूर्ण केलेलं आणि अजून न झोपलेलं एखादं पोरगं. एक फिल्म दाखवतात. तिच्यात आपल्या मनात नकळत कसे पूर्वग्रह असतात ते समजावतात. ती बघताना प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहून मान डोलावतो. मानधन मी गेलो तेव्हा पहिले तीन दिवस रोजचे पाच डॉलर आणि चौथ्या दिवसापासून चाळीस होतं. एडिसनच्या ओक ट्री रोडवर पाच डॉलरांत चहा आणि वडापाव दोन्ही बसवायचं म्हणजे नशीब जोरावर असावं लागतं. तरी लोक येतात. माझ्या शेजारच्या बाईंनी लोकरीचं विणकाम आणलं होतं. त्यांना म्हटलं, "बराच अनुभव दिसतोय." त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी एक बाही झाली होती. या वेळी स्वेटर पुरा व्हावा एवढा खटला मिळावा."

नंबर पुकारला की घोळक्याने कोर्टरूममध्ये नेतात आणि मग निवड सुरू होते. न्यायाधीशीणबाई मधाळ आवाजात एकेकाला विचारतात. काम काय करता, घरात कोण कोण आहे, ती काय करतात, इथवर ठीक. मग विचारतात, टीव्हीवर काय बघता? बातम्या कुठून कळतात? फावल्या वेळात काय करता? आणि गाडीला मागे स्टिकर असेल तर त्यावर काय आहे? उमेदवाराचं स्टिकर असेल तर ते सांगू नका, बाकी सांगा. राज्याने ठरवून दिलेल्या प्रश्नांच्या यादीतच हा प्रश्न आहे.

मी म्हटलं, "गणपती."

बाईंनी समजावून सांगायला सांगितलं. मी म्हटलं, हत्तीचं मुख असलेला देव, वाटेतली विघ्नं दूर करतो. दोन्ही वकिलांनी माना वर केल्या. दावा बर्फावरून घसरून पडल्याचा होता. वाटेतलं विघ्न दूर करायचं काम कुणाचं, यावरच तर सगळं भांडण. माझा देव वादीच्या बाजूचा की प्रतिवादीच्या, हे दोघांनाही ठरवता येईना आणि दोघांनीही वहीत काहीतरी लिहिलं.

पुढचा प्रश्न होता, लोक ऊठसूट दावे लावतात असं तुम्हाला वाटतं का? मला वाटतं. मला याविषयी एवढं वाटतं की आमच्या मंडळात मी यावर व्याख्यान देऊ शकेन. बाई म्हणाल्या, "ते बाजूला ठेवून फक्त इथल्या पुराव्यावर निर्णय देता येईल?" पुण्यामुंबईत हा प्रश्न विचारला असता तर 'म्हणजे काय, माझ्यावर विश्वास नाही का' म्हणून दुसरं भांडण लागलं असतं. मी विचार केला आणि "येईल" म्हटलं. बोललो खरा, आणि बोलताक्षणी असं वाटलं की कुणीतरी माझी जीभ तारण म्हणून ठेवून घेतली.

वकिलांना काही जण कारण न सांगता वगळता येतात. दिवाणी दाव्यात दोन्ही बाजूंना सहा सहा. त्यांनी फिजिओथेरपिस्टला घालवलं, विम्यातल्या माणसाला घालवलं, एका इंजिनिअरला घालवलं, आणि स्वेटरवाल्या बाईंनाही घालवलं, त्या फार हिरमुसल्या. मी राहिलो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात नापसंत होण्याचं दुःख मी भोगलेलं आहे. पसंत पडल्याचं दुःख या दिवशी कळलं. ज्याचा कुणालाच उपयोग दिसत नाही आणि ज्याची कुणालाच भीती वाटत नाही, असा माणूस म्हणून दोन निष्णात वकिलांनी माझी एकमताने शिफारस केली होती.

खटल्याचं सांगतो, जागा, माणसं आणि मोडलेलं हाड मी जरा इकडचं तिकडे केलं आहे. जानेवारीतल्या सकाळी एक गृहस्थ एका दुकानासमोर घसरून पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. दुकानदाराने मीठ टाकलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. खाली बघून चालायला हवं होतं, असं दुकानाचं. एवढ्यावर दिवसच्या दिवस साक्षी चालल्या. एका तज्ज्ञाने बर्फावर मीठ काय करतं ते सांगितलं. तापमान उणे नऊ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की साधं मीठ फारसं काम करत नाही, हे मला आता मरेपर्यंत विसरता येणार नाही. दुसऱ्या तज्ज्ञाने बुटाच्या तळव्यावर प्रवचन दिलं. त्यात रंग भरतोय असं वाटलं, की एक वकील उठून हरकत घ्यायचा. मग दोघे न्यायाधीशीणबाईंपाशी जाऊन कुजबुजायचे, आणि आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून कोर्टात स्पीकरवरून एकसारखा 'श्शऽऽऽ' आवाज सोडायचे. सबंध दाव्यातलं सगळ्यांत मसालेदार बोलणं तेवढंच असणार, आणि नेमकं त्यालाच फोडणीचा आवाज!

कधी साक्षीदार नको ते बोलून जायचा. बाई आमच्याकडे वळून म्हणायच्या, "हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा." अमेरिकन ज्युररांना हे जड जात होतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला जात नाही.

कष्ट कोर्टात नव्हते. ते संध्याकाळी घरी असायचे. निकाल लागेपर्यंत खटल्याविषयी कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही, फोनवर शोधायचं नाही, त्या जागी जाऊन बघायचं नाही, अशी रोज ताकीद मिळायची. मी पानावर बसलो की आई वाढता वाढता उलटतपासणी घ्यायची.

"खून आहे का?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे आहे."

"आई, नाहीये."

"हे बरं सांगितलंस! मग काय, घटस्फोट?"

"अहो आई, त्यांना विचारू नका, ते सांगणार नाहीत," बायको म्हणायची आणि लगेच माझ्याकडे वळायची, "पण नुसतं एवढं सांग, बाई आहे की पुरुष?"

चौथ्या रात्रीपर्यंत त्या दोघींनी काहीएक माहिती नसताना आरोपी ठरवला, हेतू शोधला आणि शिक्षा सुनावली. मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच मी एखाद्या गोष्टीबद्दल सगळं ऐकून घेईपर्यंत गप्प होतो. त्यामुळे एक चमत्कारिक प्रकार होऊ लागला. सकाळी वादीचं ऐकून त्याची दया यायची, दुपारी प्रतिवादीचं ऐकून त्याची. रोज मत व्हायचं आणि रोज मोडायचं. एरवी पहिल्या सकाळीच ते चार जणांना सांगून टाकलं असतं आणि मग आयुष्यभर ते राखत बसलो असतो. सांगितलेलं नसल्यामुळे मोडायला काही लाज वाटत नव्हती.

बाकावर आम्ही आठ होतो. निकाल सहांनी द्यायचा. शेवटी चिठ्ठ्या टाकून दोघांना वगळलं. सगळ्यांत टक्क जागा असणारा मास्तर गेला आणि बुटाच्या प्रवचनाला पेंगणारा तरुण राहिला. न्याय आंधळा असतो म्हणतात तो हा. आम्हा सहांना एका खोलीत बसवून दाराबाहेर शिपाई उभा केला. पहिल्या खुर्चीवरची मुलगी आपोआप फोरमन. ती नखं रंगवायचं सलून चालवते. बाकी एक रिटायर्ड बसड्रायव्हर, एक गुजराती फार्मसिस्ट, एक शाळेच्या कॅन्टीनमधल्या बाई, तो पेंगणारा तरुण, आणि मी.

हातात एक छापील कागद देतात. दुकानाचा निष्काळजीपणा झाला का? त्यामुळे इजा झाली का? पडणाऱ्याचा निष्काळजीपणा झाला का? त्याचाही हातभार लागला का? आणि मग, दोघांच्या दोषाची टक्केवारी भरा. बेरीज शंभर आली पाहिजे. पडणाऱ्याचा वाटा निम्म्याहून जास्त ठरला तर त्याला एक छदाम नाही. निम्मा किंवा कमी ठरला तर त्या प्रमाणात भरपाईतून वजावट. सहांपैकी पाच जणांचं जुळलं की पुरे.

मी तो कागद बराच वेळ बघत राहिलो. आमच्या घराण्यात दोष कधी टक्क्यांत वाटलेला नाही. तो अख्खा असतो आणि दुसऱ्याचा असतो. भाऊबंदकीत तीन पिढ्या बोलणं बंद असेल, पण 'यात आपले तीस टक्के' असं म्हणणारा एक आजोबा वंशावळीत सापडायचा नाही.

फार्मसिस्ट म्हणाला, दुकानाचे शंभर. बसड्रायव्हर म्हणाला, पडणाऱ्याचे शंभर. मी हयातभर बर्फात बस चालवली, डोळे उघडे ठेवले तर माणूस पडत नाही. दोघांचा आवाज चढला. तेव्हा कॅन्टीनच्या बाईंनी पुराव्यातला फोटो मागवून टेबलावर ठेवला. तो आम्ही कोर्टात पाहिला होता, पण पडद्यावर, वकिलाच्या बोटामागून. आता सहा डोकी त्यावर वाकली. दुकानाच्या दाराशी मिठाची निळी बादली होती. ड्रायव्हरने चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला आणि म्हणाला, "झाकणावरची पट्टी तशीच आहे. उघडलीच नाहीये." हे तो स्वतःच्याच बाजूच्या विरुद्ध बोलत होता. क्षणभराने फार्मसिस्टने बोट ठेवलं. बर्फावर तपकिरी डाग पसरला होता आणि बाजूला कॉफीचे चार कप आणि पुठ्ठ्याचा ट्रे पडला होता. "दोन्ही हात गुंतलेले," तो म्हणाला. "पायाखालचं दिसलंच नसणार." हे तोही स्वतःच्या विरुद्धच बोलला.

मी तिथे बसून आळीपाळीने दोघांकडे बघत होतो. असं करतात? न मागता? समोरच्याला? पेंगणाऱ्या तरुणाने मान वर केली आणि म्हणाला, "दुकानाचे पंच्याहत्तर, पडणाऱ्याचे पंचवीस." शेवटी आकडा तिथेच आला. ड्रायव्हर तेवढा सत्तरवर अडून राहिला, आणि पाच जण पुरत असल्यामुळे कुणी त्याची मनधरणीही केली नाही, रागही धरला नाही. फोरमनने सही करताना कागदावर चुकूनही रंग लागू दिला नाही.

बाईंनी आमचे आभार मानले. आम्ही बाहेर निघालो तेव्हा सगळं कोर्ट उठून उभं राहिलं. माझ्यासाठी याआधी माणसं उठून उभी राहिली ती लोकलमध्ये, तीही दादर आलं म्हणून.

आता बोलायला मोकळा झालो होतो. घरी येऊन सगळं रीतसर सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मनगट? एवढंच?" तिची घोर निराशा झाली. टक्केवारी मात्र तिला आवडली. "टिळकांच्या वेळी ही सोय असती, तर साहेबाच्या पदरी किती आले असते रे?"

या शिक्षणाचा उपयोग लौकरच झाला. आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात बटाटेवडे गार आले. कमिटीची बैठक बसली आणि केटररकाकांचे पैसे कापायचे असा ठराव, चर्चा सुरू व्हायच्या आधीच, मंजूर झाला. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही तर ज्युरीत होतात. बोला, बरोबर ना?"

मी म्हटलं, "काकांना बोलवून त्यांचं ऐकू या."

शांतता पसरली. मग खजिनदारांनी हळूच विचारलं, "काका तुमचे नात्यातले का?" आपल्याकडे दुसऱ्या बाजूचं ऐकू या म्हणणारा माणूस निःपक्षपाती ठरत नाही, फितूर ठरतो.

काका आले. त्यांनी फोनवरचे फोटो दाखवले. वडे साडेसातच्या ठोक्याला गरमागरम हजर होते, झाकणातून वाफ निघत होती, आणि मागे स्टेजवर अध्यक्ष बोलायला उभे होते. पुढचा फोटो सव्वाआठचा. वाफ नव्हती. अध्यक्ष होते.

मी कागद घेतला आणि टक्केवारी मांडली. झाकणाला नीट फॉइल न लावल्याबद्दल काका वीस, भाषण ऐंशी. बेरीज शंभर. मताला टाकलं, सहांपैकी पाच जणांचं जुळलं. सहावे अध्यक्ष होते.

काकांना पैसे मिळाले, आणि पुढच्या वर्षापासून मला मंडळाच्या सल्लागार समितीवर सन्मानाने घेण्यात आलं आहे. ही समिती वर्षातून एकदा फोटोसाठी जमते. तिथे कुणीही कुणाचं मत विचारत नाही.